व्हेन्यू की स्थळ? भांडणाचंच ठिकाण चुकलंय

मागच्या लग्नसराईत आमच्या आतेभावाच्या पोराची पत्रिका भाऊबंदांच्या ग्रुपवर पडली. लग्न कुठे लागणार त्या ओळीच्या आधी 'व्हेन्यू' असं छापलेलं होतं, बस, तिथून जे सुरू झालं ते हळदीच्या रात्रीपर्यंत चालू होतं. आमचे जिभाऊ निवृत्त मास्तर, ते म्हणे मराठी माणसाला स्वतःच्या लग्नाची जागा सांगायलाही इंग्रजांच्या दारात जावं लागतं, स्थळ म्हणायला काय जीभ झडते का. पुण्यात नोकरीला असलेली पोरं म्हणे जिभाऊ, भाषा वाहती असते, चिल करा. एका काकूंनी तर विचारलं की व्हेन्यू घेतली कोणी आणि कोणत्या कलरची, कारण त्यांच्या शेजारी त्या नावाची ह्युंडाई उभी असते. सगळे हसले. पण मला विचाराल तर त्या दोनशे मेसेजमध्ये मुद्द्याला धरून तेवढा एकच प्रश्न होता. हा शब्द नेमकी कोणती वस्तू दाखवतो, हे फक्त काकूंनी विचारलं, बाकी सगळे तो कोणाच्या घरातून आला यावर भांडत होते.

मी धुळ्यात एका वकीलसाहेबांकडे मराठी टायपिंग करतो, दावे, कैफियती, अर्ज, नोटिसा, आणि लग्नसराईत संध्याकाळी मित्राच्या डीटीपीवर पत्रिका लावतो. म्हणजे दिवसा भांडण कुठे चालणार ते टाइप करायचं आणि संध्याकाळी लग्न कुठे लागणार ते. इंग्रजीत या दोन्ही जागांना एकच शब्द आहे, व्हेन्यू. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हेन्यू हा शब्द इंग्रजी आहे हा त्याचा दोष नाही. सगळ्या प्रकारच्या जागा एकाच शब्दात कोंबणं हा दोष आहे, आणि जिभाऊ ज्या 'स्थळ'साठी लढतायत त्याच्यातही तो तेवढाच आहे. पत्रिकेत तुम्हाला काय छापायचं ते छापा, माझं काही म्हणणं नाही. पण कोर्टाच्या आणि कराराच्या कागदात व्हेन्यूही नको आणि डोळे मिटून केलेलं 'स्थळ'ही नको, कारण तिथे शब्द चुकला की माणूस चुकीच्या गावाला जातो आणि वर्षानुवर्षं जात राहतो.

आता पोरांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. शब्द बाहेरून आला म्हणून तो परका, हा हिशोब लावला तर कोर्टात बोलायलाच काही उरणार नाही. वकील, फिर्याद, दावा, जामीन, हजर, कैद, तारीख, सगळे फारसी-अरबीतून आलेले. पत्रिकेच्या पाकिटावर आपण 'मु. पो.' लिहितो, त्यातला मुक्काम अरबी आणि पोस्ट इंग्रजी, आणि त्यापुढे लिहिलेलं गाव मात्र आपलं, कोणाला काही खटकतं का? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तो प्रयत्न मोठाच होता, पण पुढे पेशवाईच्या कागदपत्रांत बघा, फारसी शब्द ठाण मांडून बसलेलेच दिसतात. मग भाषाशुद्धी फसते असं म्हणायचं का? तेही नाही. सावरकरांनी दिलेले महापौर आणि दिनांक हे शब्द चालले की. आणि दिनांक कसा चालला ते बघण्यासारखं आहे. त्याने तारखेला हाकललं नाही. दिनांक पत्राच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि तारीख कोर्टात राहिली. 'तारीख पडली' म्हटलं की अख्ख्या महाराष्ट्राला कळतं काय झालं ते, 'दिनांक पडला' असं म्हणून बघा बरं कोणी. दोघांना वेगवेगळं काम मिळालं म्हणून दोघंही जगले.

याच न्यायाने व्हेन्यूलाही काम आहे, हे जिभाऊंना पटत नाही पण आहे. आज कोणी 'व्हेन्यू बुक केला' म्हणतो तेव्हा तो फक्त जागा म्हणत नसतो, त्यात लॉन्स आलं, स्टेज आलं, जनरेटर, पार्किंग, नवरीसाठी एसी रूम, आणि बऱ्याच ठिकाणी आचारी पण त्यांचाच. हे सगळं मिळून जे पॅकेज आहे त्याला आपल्याकडे नाव नव्हतं कारण ती वस्तूच नव्हती, आपल्याकडे मांडव होता आणि मांडव घरासमोर पडायचा, लग्न कुठे हा प्रश्नच नव्हता. 'लगीन कोठे शे?' असं विचारलं तर उत्तर गावाचं नाव एवढंच, गावात शिरल्यावर मांडव आपोआप दिसायचा.

जिभाऊंच्या बाजूचंही खरं आहे आणि ते पोरांनी ऐकून घ्यावं. इंग्रजी शब्द देवनागरीत छापला म्हणजे तो मराठी वाचणाऱ्याला कळतोच असं नाही. आमच्या आजीला अक्षरं जुळवून 'व्हेन्यू' वाचता आलं, पण वाचून काहीच कळलं नाही, आणि पत्रिका जिला बोलवायला छापली तिलाच ती कळली नाही तर ती कोणासाठी छापली? 'भाषा वाहती असते' हे वाक्य पोरं असं टाकतात जणू त्यानंतर विचार करायची गरजच नाही. नदी वाहते हे खरं, पण पाटात पाणी कुठे सोडायचं ते शेतकरीच ठरवतो ना, तापीकाठच्या माणसाला हे कशाला सांगायला पाहिजे.

पण मग जिभाऊंचं 'स्थळ' घेतलं की प्रश्न सुटला? डीटीपीवर बसून बघा. मराठी घरात लग्नाच्या बोलण्यात स्थळ म्हणजे आधी मुलगा किंवा मुलगी. 'जळगावचं स्थळ आलंय', 'स्थळ चांगलं आहे पण पत्रिका जुळत नाही', 'स्थळ हातचं गेलं'. आता ज्या घरात वर्षभर स्थळ या शब्दावर बैठका झाल्या त्याच घराच्या पत्रिकेवर 'स्थळ : अमुक लॉन्स, पारोळा रोड'. चालतं, लोकांना कळतं, विवाहस्थळ म्हटलं तर अजून नीट कळतं, पण एक शुद्ध शब्द आहे आणि तो सगळीकडे लागू पडतो हा जो आव आहे तो खोटा आहे. स्थळावर आधीच चिक्कार ओझं आहे, घटनास्थळ तेच, तीर्थस्थळ तेच, प्रेक्षणीय स्थळ तेच, शिवाय लग्नासाठी पाहिलेली मुलगीही तेच.

खरं तर आपल्या भाषेला एकच शब्द लागलाच नाही कधी, कारण तिने जागेपेक्षा तिथे काय चालतं ते बघून नाव ठेवलं. कुस्तीला आखाडा किंवा फड, तमाशाला फड आणि कनात, कीर्तनाला देवळाचा सभामंडप, पंचायतीला पार नाहीतर चावडी. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे यात्रा म्हटलं की जागा, दिवस, माणसं आणि घोडे सगळं एकदम आलं, यात्रेचा व्हेन्यू काय असं विचारणारा माणूस मला भेटायचाय. आणि जागेचं वजन काय असतं हे खानदेशाला कोणी शिकवू नये. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला झालं, अध्यक्ष नेहरू, आणि खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. मांडवाची सजावट नंदलाल बोस यांनी केली, ती पण बांबूसारख्या गावातल्या साध्या सामानात. शहर सोडून खेड्यात यायचं ही गांधींची भूमिका होती, म्हणजे अधिवेशन कुठे भरवलं हाच अधिवेशनातला पहिला ठराव होता असं म्हणायला हरकत नाही. आज आपण त्याला फैजपूर काँग्रेस म्हणतो, गावाचं नाव हेच घटनेचं नाव झालं. आणि ती जागा? तिला व्हेन्यू नाही म्हटलं, स्थळही नाही, तिला नाव दिलं टिळकनगर. अमळनेरला १९५२ साली साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, म्हणजे शब्दांची कुळं शोधणारा माणूस, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत परत तिथेच ९७ वं झालं, प्रताप कॉलेजच्या मैदानावर, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही झालं. एकाच गावात दोन मांडव. कोणत्या मांडवात बसायचं यातच माणसाची बाजू कळत होती.

आता शब्दाची कुळकथा, कारण ती कळली की दोन्ही पक्षांची हवा थोडी जाते. व्हेन्यू हा फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, मूळ अर्थ 'येणं', लॅटिनमधल्या येण्याच्या धातूपासून. पूर्वी इंग्रजीत तो अंगावर चालून येणं, तलवारीचा वार अशा अर्थानेही सापडतो. मग सोळाव्या शतकात कायद्यात शिरला, ज्युरीची, म्हणजे खटल्याचा निवाडा देणाऱ्या साध्या नागरिकांची, माणसं जिथून यायला हवीत तो परिसर आणि पर्यायाने खटला जिथे चालायचा ती जागा. मैफिली आणि सामन्यांची जागा हा अर्थ तर एकोणिसाव्या शतकातला. म्हणजे पोरं ज्याला मॉडर्न पार्टीवाला शब्द समजतात तो आधी कोर्टातला आहे, लॉन्सवर तो फार उशिरा आला. आणि त्याचा जीव जमिनीत नाही, येणाऱ्या माणसांत आहे. कोण येणार, कुठून येणार, ज्याचा निवाडा करायचा त्याला ओळखणारी माणसं येणार का, हा मूळ प्रश्न.

आणि हा प्रश्न किती मोठा आहे? इंग्रजांनी १७७४ साली कायदा केला की मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी अंमलदारावर खटला झाला तर तो दुसऱ्या वसाहतीत किंवा थेट इंग्लंडला नेता येईल. दोनच वर्षांनी अमेरिकनांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्यात राजाविरुद्धच्या तक्रारींत एक ही पण आहे की आमच्या माणसांना खोट्या आरोपांसाठी समुद्रापार नेऊन खटले चालवले जातात. पुढे राज्यघटनेत खटला कुठे चालायचा ते त्यांनी एकदा लिहिलं आणि मग दुरुस्तीत परत एकदा लिहिलं. आपल्याकडे १९०८ बघा. टिळकांचं राहणं पुण्यात, लेख केसरीतले, मराठीतले, आणि खटला मुंबईत, ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख ज्युरीसमोर गेले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि त्या भाषांतरांवरच टिळकांचा आक्षेप होता, शब्दाचा रोख बदलला की लेखाचा रोख बदलतो म्हणून. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे खटल्याची जागा बरोबरच असेल, पण ज्यांनी यायला हवं होतं, केसरी वाचणारी माणसं, ती त्या बाकावर नव्हती. नुसतं 'स्थळ : मुंबई' एवढं लिहिलं तर यातलं काय कळतं?

म्हणून मी म्हणतो की कोर्टाच्या कागदात फरक ठेवा. आपल्या मराठी दाव्यांत तो आहेच, पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेला आहे. गुन्हा घडला ते घटनास्थळ, तिथे पंचनामा होतो. दाव्याचं कारण 'मे. कोर्टाचे स्थळसीमेत' घडलं असं लिहायचं, म्हणजे अधिकारक्षेत्र. एका कोर्टातून दुसरीकडे नेला तर खटला 'वर्ग' केला. आणि वकील आपसात बोलतात ते तर अजून सोपं, 'मॅटर कुठे चालतंय?' यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. व्हेन्यू घातला की सगळे एकाच पोत्यात.

उदाहरण लांब शोधायला नको. जळगावचा घरकुल घोटाळा, घरकुलं जळगावची, नगरपालिका जळगावची, पैसा जळगावचा, आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ आरोपी दोषी ठरल्याचा निकाल लागला तो धुळ्याच्या विशेष न्यायालयात. त्या दिवशी आमच्या कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी विचारलं 'घरकुलचं स्थळ कोणतं' तर काय सांगणार? त्याहून मोठं उदाहरण बिल्किस बानो प्रकरणाचं. गुन्हा २००२ चा, गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातला. सुप्रीम कोर्टाने २००४ साली खटला मुंबईला वर्ग केला, शिक्षा मुंबईत झाली. २०२२ च्या १५ ऑगस्टला गुजरात सरकारने अकरा जणांची शिक्षा माफ केली, ते सुटले. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली, आणि कारण काय, तर गुन्हा कुठे घडला ते बघायचं नसतं, शिक्षा जिथल्या कोर्टाने दिली त्या राज्याच्या सरकारला माफीचा विचार करायचा अधिकार, म्हणजे महाराष्ट्राला. अकरा माणसं बाहेर राहणार की आत जाणार हे घटनास्थळ आणि खटल्याचं ठिकाण या फरकावर ठरलं. आता सांगा, दोन्हीला एकच शब्द वापरायचा का?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, की हे वकिलांनी बघावं, साध्या माणसाला काय करायचंय. बरं. रावेरच्या केळीवाल्याला विचारा. माल दिल्लीला गेला, व्यापाऱ्याने चेक दिला, चेक परत आला. केस कुठे करायची? २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चेक ज्या बँकेवर काढलाय ती शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात. म्हणजे केळी रावेरची, बुडालेला पैसा रावेरचा आणि तारखेला जायचं दिल्लीला. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि चेक खात्यात भरला असेल तर ज्याला पैसे यायचे त्याचं खातं जिथे, तिथे केस करता येते असं झालं. शेतकऱ्याचं नशीब एका जागेच्या व्याख्येवर वर्षभर लटकलं होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी अक्कलकुव्याच्या, धडगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कोर्टाचं काम म्हणजे सातपुडा उतरून धुळ्याला यायचं, एक दिवस जायला एक यायला, मजुरी बुडाली ती वेगळीच. आणि हायकोर्ट म्हटलं की आजही धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना औरंगाबादचं खंडपीठ गाठावं लागतं. आमच्याकडे बिलबुकाच्या खाली बारीक अक्षरात 'सर्व वाद जळगाव न्यायक्षेत्रात' छापलेलं असतं, प्रेसवाला सवयीने छापतो, दुकानदार वाचतही नाही, पण उद्या भांडण झालं की अख्ख्या बिलात सगळ्यात महाग ओळ तीच निघते.

इंग्रजीत तरी हे स्पष्ट आहे का? अजिबात नाही, आणि हे इंग्रजीच्या भक्तांनी लक्षात घ्यावं. लवाद म्हणजे कोर्टाबाहेर तिसऱ्या माणसाकडून निवाडा करून घेणं, त्याच्या १९९६ च्या कायद्यात कलम २० मध्ये एकच शब्द आहे, प्लेस. सुप्रीम कोर्टाला २०१२ साली पाच न्यायाधीश बसवून समजावून सांगावं लागलं की याच कलमात पहिल्या दोन पोटकलमांत तो शब्द 'सीट' या अर्थाने आहे, म्हणजे लवादाचं कायदेशीर घर, कोणत्या गावच्या कोर्टाची नजर त्यावर राहणार ते, आणि तिसऱ्यात 'व्हेन्यू', म्हणजे फक्त बसायची, साक्षीपुरावे घ्यायची जागा. विधी आयोगाने २०१४ साली सुचवलं की हे दोन शब्द कायद्यातच वेगळे लिहा, पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत ते घेतलंच नाही. मग २०१८ चा एक निकाल म्हणतो की नुसता व्हेन्यू लिहिला म्हणजे सीट होत नाही, आणि २०१९ चा म्हणतो की करारात फक्त व्हेन्यू लिहिला असेल आणि उलट काही नसेल तर तीच सीट धरायची. एवढ्या मोठ्या वकिलांची, एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, कारण एकच, बसायची जागा आणि हक्काची जागा यांना वेगळं नाव द्यायचा कंटाळा. आपण मराठीत ते आता करू शकतो, 'लवादाचं न्यायक्षेत्र' आणि 'बैठकीची जागा', दोन साधे शब्द, माझ्या आजीलाही कळतील. पण भाषांतर करणारा बसतो आणि दोन्हीला लिहितो 'स्थळ'.

गेल्या महिन्यात तसाच एक करार टेबलावर आला. चाळीसगावकडचे एक जिनिंगवाले, कापसाच्या गाठींच्या सौद्यात पैसे अडकलेले. मूळ करार इंग्रजीत, सोबत समोरच्या पार्टीने दिलेलं मराठी भाषांतर, त्यात ओळ होती 'लवादाचे स्थळ मुंबई राहील'. मी टाइप करता करता थांबलो आणि वकीलसाहेबांना विचारलं, साहेब, हे घर आहे की बैठक? त्यांनी इंग्रजी प्रत काढली, तिथे पण व्हेन्यूच. मग त्यांनी जिनिंगवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर, की शेठ, सही करताना मुंबईचं काय बोलणं झालं होतं. पलीकडून मशीनचा आवाज येत होता. ते म्हणाले, बोलणं असं काही नाही झालं साहेब, त्यांनी सांगितलं मीटिंगा मुंबईला घेऊ, आमचं ऑफिस आहे तिथे, चहापाण्याची सोय आहे, तर मी त्यांना म्हटलं घ्या.